मुलींचे शासकीय शिक्षण आणि अंतराचा प्रश्न : काही धोरणात्मक दस्तऐवजांची चिकित्सा

प्रास्ताविक

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात अशा कायद्याची चर्चाही धड सुरू झालेली नसताना एका संस्थानिकाने हे पाऊल उचलले, याचा गौरव शिक्षणाच्या इतिहासात नेहमी केला जातो आणि तो रास्तच आहे. त्या कायद्यातील एका तपशिलाकडे मात्र सहसा लक्ष वेधले जात नाही. सक्तीचे वय मुलांसाठी ७ ते १२ होते, तर मुलींसाठी ७ ते १०. बालविवाहाच्या काळात दहाव्या वर्षापुढे मुलीला शाळेत ठेवण्याची सक्ती समाज सहन करणार नाही, असा व्यवहारी विचार त्यामागे असावा. परंतु याचा अर्थ असाही होतो की, मुलीच्या शिक्षणाबाबत राज्याची जबाबदारी कोठे संपते हे ठरविताना तिची बौद्धिक गरज प्रमाण मानली गेली नाही. तिच्या वाढत्या देहाविषयी समाजाला वाटणारी धास्ती प्रमाण मानली गेली.

पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत ही वयाची रेषा पुढे सरकली. कायद्याच्या भाषेतून मुलगा-मुलगी असा भेदही नाहीसा झाला. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, भेद नाहीसा झाला तो शब्दांतून. शासकीय शाळेच्या रचनेत तो अंतराच्या रूपाने शिल्लक राहिला. मुलगी जसजशी मोठी होते तसतशी शाळा तिच्यापासून दूर जाते, आणि धोरणाच्या मजकुरात हे दूर जाणे नैसर्गिक मानलेले असते.

हे प्रतिपादन तपासण्यासाठी येथे काही आयोगांचे अहवाल, कायदे, योजना व शासन निर्णय यांचे चिकित्सक वाचन केले आहे. शैक्षणिक अहवालांच्या वाट्याला आपल्याकडे एक विचित्र प्राक्तन आले आहे. पीएच.डी.च्या प्रबंधात दुसऱ्या प्रकरणात त्यांच्या शिफारशींची क्रमवार यादी येते आणि तेथेच त्यांचे वाचन संपते. साहित्यकृतीचे जसे वाचन होते, म्हणजे ती काय सांगते याबरोबर काय गृहीत धरते आणि कोठे गप्प बसते हे जसे पाहिले जाते, तसे वाचन या दस्तऐवजांचे क्वचितच होते.

हंटर आयोगापुढील दोन निवेदने

१८५४ च्या वूडच्या खलित्याने मुलींच्या शाळांना सरकारी अनुदानाच्या कक्षेत घेतले. त्यापूर्वी दोन वर्षे, १८५२ मध्ये, पुण्यात मुलींच्या शाळा चालविल्याबद्दल जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते सत्कार झाला होता. शाळा लोकांनी काढावी, सरकारने शाल द्यावी आणि पुढे यथाशक्ती अनुदान द्यावे, असे या नात्याचे आरंभीचे स्वरूप होते. मुलींसाठी शाळा काढणे ही आपलीच जबाबदारी आहे, असे सरकार तेव्हा मानत नव्हते.

१८८२ च्या हंटर आयोगापुढे महाराष्ट्रातून जी निवेदने व साक्षी झाल्या, त्यांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत. फुल्यांचे निवेदन प्रामुख्याने पैशाविषयी आहे. शेतकऱ्याच्या घामातून महसूल आणि शिक्षणाचा उपकर गोळा होतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी. मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिक उदारपणे प्रसार करावा, अशी विनंती निवेदनाच्या अगदी अखेरीस येते. ज्याने आयुष्याचा आरंभच मुलींच्या शाळेने केला, त्याच्या निवेदनात मुलींविषयी एवढे थोडके यावे, याचे आश्चर्य वाटते. त्याचे एक स्पष्टीकरण असे संभवते की, फुले मुलींचा प्रश्न वेगळा काढीतच नाहीत. गावातील शाळा आणि तिच्यावर होणारा खर्च हा प्रश्न सुटला तर मुलीचाही सुटेल, अशी त्यांची मांडणी आहे. ती बऱ्याच अंशी खरी आहे, परंतु पूर्णपणे नाही.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई यांची साक्ष झाली. मुलींना शिकविण्यासाठी स्त्रियाच हव्यात, त्यांच्या शाळांची तपासणी स्त्रियांनी करावी, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे, या त्यांच्या मागण्या प्रसिद्ध आहेत. रमाबाईंच्या मांडणीचे वेगळेपण असे की, मुलगी शाळेत का येत नाही याचे उत्तर त्या मुलीत किंवा तिच्या आईबापांत न शोधता शाळेत शोधतात. शाळेत कोण शिकवते, तपासायला कोण येते, तेथे मुलीला कोणाच्या नजरेखाली बसावे लागते, असे हे प्रश्न आहेत. आयोगाने मुलींच्या शाळांसाठी उदार अनुदान, शिथिल अटी आणि स्त्री-निरीक्षक यांची शिफारस केली. त्याबरोबर मुलींसाठी सोप्या अभ्यासक्रमाचीही केली. म्हणजे रमाबाईंनी शाळा बदलण्याविषयी सांगितले होते. आयोगाने ते अंशतः स्वीकारले आणि जोडीला अभ्यास हलका करून दिला.

१९११ च्या नामदार गोखले यांच्या विधेयकातही सक्ती प्रथम मुलांसाठी आणि कालांतराने मुलींसाठी, असाच क्रम होता. विधेयक मंजूर झाले नाही, परंतु हा ‘कालांतराने’ शब्द पुढील अनेक दस्तऐवजांत वेगवेगळ्या रूपांत भेटत राहतो.

काय शिकवावे आणि कोठे शिकवावे

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत मुलींच्या शिक्षणाविषयी विपुल लेखन झाले. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने स्त्रीशिक्षणाचे महत्त्व मुक्तकंठाने सांगितले. मात्र गृहिणी आणि माता ही तिची भूमिका केंद्रस्थानी ठेवूनच. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) मुलींसाठी गृहशास्त्राची सोय सुचविली. दुर्गाबाई देशमुख समितीने (१९५८-५९) हा प्रश्न विशेष प्रश्न म्हणून हाताळावा असा आग्रह धरला आणि त्यातून राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषद अस्तित्वात आली. त्यानंतर हंसा मेहता समितीने मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगळे अभ्यासक्रम असावेत ही कल्पनाच नाकारली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तिच्या भूमिकेला पाठिंबा दिला. विचाराच्या पातळीवर ही मोठी झेप होती, आणि हंसा मेहता समितीचा अहवाल आजही जितका वाचला जावा तितका वाचला जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

तथापि या सर्व वादाचा विषय ‘काय शिकवावे’ हा होता. शाळा कोठे असावी, या प्रश्नाला कोठारी आयोगाने जे उत्तर दिले त्यात मुलगी दिसत नाही. कनिष्ठ प्राथमिक शाळा प्रत्येक मुलाच्या घरापासून एक मैलाच्या आत असावी आणि उच्च प्राथमिक शाळा एक ते तीन मैलांच्या आत, असे ते उत्तर. समतेच्या प्रकरणात मुलगी आहे, शाळांच्या नियोजनाच्या प्रकरणात ‘मूल’ आहे.

या निकषाची परंपरा पुढे अखंड चालू राहिली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अंमलबजावणीसाठी केंद्राने केलेल्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने माध्यमिक शाळेसाठी ५ किलोमीटर आणि उच्च माध्यमिकसाठी ७ ते १० किलोमीटर हे अंतर वाजवी मानले.

एक, तीन, पाच, सात ते दहा. या चार आकड्यांमागे एक साधे गृहीतक आहे : वय वाढते तसे चालण्याचे बळ वाढते, म्हणून मोठ्या मुलाने अधिक दूर जाण्यास हरकत नाही. शिवाय वरच्या वर्गांना विषयशिक्षक लागतात, प्रयोगशाळा लागते, त्यामुळे प्रत्येक गावात माध्यमिक शाळा परवडत नाही, हे आर्थिक कारण आहेच. दोन्ही गोष्टी तर्कशुद्ध आहेत. पण हे गृहीतक मुलग्याच्या देहावरून बेतलेले आहे. सहा वर्षांची मुलगी वाडीतील इतर पोरांबरोबर किलोमीटरभर चालत जाते, तेव्हा कोणी हरकत घेत नाही. चौदा वर्षांची मुलगी ओढा, माळ, ऊस आणि फाट्यावरची टपरी ओलांडून पाच किलोमीटर जाते, तेव्हा घरातले प्रत्येक माणूस घड्याळाकडे पाहू लागते. मुलाच्या बाबतीत वयाबरोबर अंतर झेपण्याची शक्यता वाढते; मुलीच्या बाबतीत कुटुंबाला आणि पर्यायाने तिला झेपेल असे अंतर वयाबरोबर कमी होते. दोन आलेख परस्परविरुद्ध दिशांना जातात आणि धोरणाने त्यांपैकी एकच काढलेला आहे.

मासिक पाळी सुरू होण्याचे वयही याच टप्प्यावर येते. शाळेत स्वतंत्र स्वच्छतागृह हवे, ही मागणी आता कायद्यात आली. पण पाच किलोमीटरच्या वाटेवर ते कोठे असणार, हा प्रश्न विचारलाही जात नाही. वाट ही शाळेचा भाग आहे, असे कोणत्याही निकषात मानलेले नाही.

महाराष्ट्राची रचना

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी एका कारणाने तीव्र होतो. येथे ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा भार जिल्हा परिषदांनी वाहिला, तर माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने खाजगी अनुदानित संस्थांकडे राहिले. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी या क्षेत्रात केलेले कार्य सर्वश्रुत आहे, त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. परंतु रचनेचा परिणाम असा की, राज्यातील असंख्य गावांत ‘सरकारी शाळा’ चौथीला किंवा सातवीला संपते. जेथे ती संपते तेथे मुलीच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडतो. मुलगाही हाच दाखला घेतो, पण त्याच्या घरी तो दुसऱ्या शाळेत कधी द्यायचा एवढाच प्रश्न असतो. मुलीच्या घरी तो द्यायचा की नाही, हा प्रश्न असतो. शिक्षणाचा प्रत्येक टप्पा वेगळ्या इमारतीत आणि वेगळ्या गावात असल्यामुळे मुलीच्या शिक्षणावर दर तीन-चार वर्षांनी घरात नव्याने निर्णय घ्यावा लागतो. शाळा एकाच जागी दहावीपर्यंत असती, तर हा निर्णय घेण्याची वेळच अनेक घरांत आली नसती. आठवीच्या वर्गाचा प्रश्न हा प्रशासनाच्या लेखी जिल्हा परिषद शाळा आणि माध्यमिक शाळा यांच्यातील तुकड्यांचा आणि शिक्षकसंख्येचा वाद असतो. मुलीच्या लेखी तो सारे शिक्षण राहणार की जाणार याचा असू शकतो.

शुल्कमाफी आणि प्रोत्साहन

या पार्श्वभूमीवर शासनाने मुलींसाठी केलेल्या तरतुदी पाहिल्या, तर त्यांचा ओघ वेगळ्याच दिशेने गेलेला दिसतो. महाराष्ट्राने १९८० च्या दशकातच मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत निःशुल्क केले. देशात हा निर्णय अग्रेसर होता. १९९२ मध्ये दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त जमातींतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. पुढील तीन दशके हा दर एक रुपयाच राहिला. १९९२ मध्ये त्या रुपयाला खाऊच्या पुड्याएवढे तरी मोल होते. पुढे तो केवळ हजेरीपटाच्या शेजारी भरावयाचा आणखी एक रकाना उरला. तरीही येथे रकमेपेक्षा इयत्ता महत्त्वाची आहे. भत्ता पहिली ते चौथीसाठी आहे, म्हणजे जेथे शाळा वाडीतच आहे आणि गळतीचा धोका तुलनेने कमी आहे, तेथे.

२०२३ च्या ‘लेक लाडकी’ योजनेचे कोष्टक या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये, असे एकूण १,०१,००० रुपये देण्याची ही योजना आहे. सहावी आणि अकरावी यांच्यामध्ये एकही हप्ता नाही. आठवी, नववी, दहावी ही जी वर्षे शाळा सुटण्याची आणि लग्न ठरण्याची असतात, नेमकी तीच कोष्टकात रिकामी आहेत. आणि एकूण रकमेचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग मुलगी अठरा वर्षांची होईल त्या दिवसासाठी राखलेला आहे. या रकमेकडे घरात कोणत्या खर्चाची तरतूद म्हणून पाहिले जाईल, याचा अंदाज करण्यास समाजशास्त्राच्या विशेष ज्ञानाची गरज नाही.

केंद्राच्या योजनाही याच वळणाच्या. २००८ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि कस्तुरबा विद्यालयांतून आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलींनी नववीत प्रवेश घेतल्यास त्यांच्या नावे ३,००० रुपयांची मुदत ठेव ठेवली जाई. ती दहावी उत्तीर्ण झाल्यावर आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर काढता येई. इयत्तेची निवड अचूक होती, परंतु नववीत रोज शाळेत जाण्यासाठी लागणारा पैसा चार वर्षांनी मिळणार होता. २०१५ च्या ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ अभियानाबाबत तर संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीनेच २०२१ च्या अहवालात दाखवून दिले की, २०१६ ते २०१९ या काळात वितरित झालेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ प्रसारमाध्यमांतील प्रचारावर खर्च झाली. या समितीच्या अध्यक्षा नंदुरबारच्या तत्कालीन खासदार हीना गावित होत्या, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. अंतर म्हणजे काय हे सातपुड्यातील पाड्यांना सांगावे लागत नाही.

२०२४-२५ पासून महाराष्ट्रात वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक उच्च शिक्षणात शुल्कमाफी मिळू लागली. महाविद्यालयीन शिक्षकांना या निर्णयाचे परिणाम प्रत्यक्ष वर्गात दिसतात आणि ते स्वागतार्ह आहेत. तरीही ही सवलत जी मुलगी बारावीपर्यंत पोहोचली तिलाच मिळते. शुल्कमाफीची मर्यादा पदवीपर्यंत गेली; शाळेची इमारत मात्र जेथे होती तेथेच आहे.

वसतिगृहाचे उत्तर

अंतराचा प्रश्न शासनाने अजिबात ओळखला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २००४ मध्ये सुरू झालेले कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय हे त्याचे सर्वांत गंभीर उत्तर होय. स्त्री-साक्षरतेत मागे असलेल्या शैक्षणिकदृष्ट्या मागास गटांमध्ये सहावी ते आठवीसाठी निवासी शाळा. ७५ टक्के जागा अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्य समाजांतील मुलींसाठी आणि उरलेल्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींसाठी, अशी तिची रचना. शाळा सोडून दिलेल्या, भाकरी थापणाऱ्या, धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना पुन्हा शाळेत आणण्याचा हेतू या योजनेत स्पष्ट होता. शासकीय योजनांच्या मजकुरात मुलगी ‘लाभार्थी’ म्हणून न येता जिचे काही शिक्षण हुकले आहे अशी विद्यार्थिनी म्हणून येते, अशी उदाहरणे थोडी आहेत. त्यांत हिचा समावेश करावा लागेल.

तिची मर्यादाही मजकुरातच होती. आठवीनंतर काय? तीन वर्षे घरापासून दूर राहून शिकलेली चौदा वर्षांची मुलगी त्याच गावात परत यावी, जेथे नववीची शाळा नाही म्हणून तिला मुळात वसतिगृहात घालावे लागले होते, असा हा विचित्र वर्तुळाकार प्रवास होता. २००८-०९ मध्ये नववी ते बारावीच्या मुलींसाठी १०० क्षमतेच्या वसतिगृहांची वेगळी योजना आली; कस्तुरबा विद्यालये बारावीपर्यंत वाढविण्याचा मार्ग २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियानात मोकळा झाला. चौदा वर्षे या वाढीला लागली. योजनेच्या पहिल्या वर्षी सहावीत दाखल झालेल्या मुली तोपर्यंत पंचविशीत पोहोचल्या होत्या.

वसतिगृहाविषयी आणखी एक शंका उपस्थित करणे आवश्यक आहे. शाळा जवळ आणता येत नाही म्हणून मुलीला घरापासून दूर न्यावे, हा उपाय डोंगराळ भागात आणि स्थलांतरित कुटुंबांसाठी अपरिहार्य असेल. ऊसतोडीला सहा महिने जाणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत तर तो बहुधा एकमेव आहे. परंतु तो सर्वत्र चालणारा उपाय नव्हे, आणि त्यातील अधीक्षिका व शिक्षिका कंत्राटी मानधनावर असतील तर रमाबाईंनी १८८२ मध्ये मांडलेला प्रश्न, म्हणजे मुलीच्या शाळेत कोण असते आणि तिला तेथे किती प्रतिष्ठा असते, तसाच राहतो.

सायकल आणि निळी बस

दुसरे उत्तर अधिक साधे आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून या योजनेचा अभ्यास केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार मुलींची माध्यमिक शाळेतील योग्य वयातील नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगी यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत बोलका निष्कर्ष असा की, ही वाढ प्रामुख्याने माध्यमिक शाळेपासून ३ किलोमीटर किंवा अधिक दूर असलेल्या गावांत झाली. जेथे शाळा जवळच होती तेथे सायकलीने फारसा फरक पडला नाही. तेच पालक, तीच जात-व्यवस्था, तीच हुंड्याची प्रथा. बदलले ते फक्त अंतर कापण्याचे साधन. शिवाय गावातील वर्गभर मुली एकाच वेळी सायकलीवर निघाल्या की त्या रस्त्यावर एकटी मुलगी उरत नाही. सायकल दिली जाते एकेका मुलीला, पण तिचा उपयोग घोळक्याला होतो.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रम २०११ मध्ये १२५ तालुक्यांत विस्तारला आणि त्यातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली व शाळेत ने-आण करण्यासाठी एसटीच्या बस मिळाल्या. निळ्या रंगाच्या या बस मराठवाडा-विदर्भातील अनेक रस्त्यांवर परिचित झाल्या. एसटीच्या मोफत पासाची योजना त्याआधीपासून आहेच. या उपाययोजनांवर जितके लिहिले जायला हवे तितके लिहिले गेलेले नाही. त्यांत भाषणाला वाव कमी आहे, हे त्याचे एक कारण असू शकते. त्यांचा दुबळेपणाही उघड आहे. बस ही शाळेच्या वेळेवर धावावी लागते आणि तिचे वेळापत्रक शाळेच्या हाती नसते. करोनाच्या दीर्घ खंडानंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले. महिनाभरातच एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांची बाजू येथे चर्चेचा विषय नाही. पण ज्या मुलीची शाळा बसच्या आधाराने उभी होती, तिच्यासाठी शाळा उघडूनही बंदच राहिली.

‘पालकांची मानसिकता’

मुलींच्या गळतीवरील कोणत्याही चर्चासत्रात ‘पालकांची मानसिकता’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. धोरणांच्या मजकुरातही जनजागृती हा उपाय कायम असतो. मानसिकता नाही असे कोणी म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. चौथ्या फेरीत हे प्रमाण २६.३ होते. पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्याला हा आकडा भूषणावह नाही.

परंतु मानसिकता हे स्पष्टीकरण म्हणून पुरेसे ठरत नाही. ‘असर’ सर्वेक्षणांनुसार ग्रामीण भारतात १५-१६ वयोगटातील शाळाबाह्य मुलींचे प्रमाण २००८ मध्ये २० टक्क्यांहून अधिक होते, २०१८ मध्ये १३.५ आणि २०२२ मध्ये ७.९ टक्क्यांवर आले. ही घट लक्षणीय आहे आणि शासनाला तिचे श्रेय द्यावेच लागेल. चौदा वर्षांत मानसिकता एवढ्या वेगाने बदलत नाही. या काळात शाळा, रस्ते, सायकली, वसतिगृहे वाढली, आणि पालकांनी त्या वाढीला प्रतिसाद दिला, असा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक आहे. दूरच्या शाळेत मुलगी पाठविण्यास कचरणारा बाप अज्ञानी असतोच असे नाही. आपल्या गावचा रस्ता त्याला शिक्षणाधिकाऱ्यापेक्षा अधिक चांगला माहीत असतो. हेही खरे की, पटावरील नाव म्हणजे वर्गातील उपस्थिती नव्हे. नववीत नाव असलेली आणि परीक्षेपुरती येणारी मुलगी या टक्केवारीत शाळेतच असते.

नवे धोरण आणि समूह शाळा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील सहावे प्रकरण समता व समावेशन यांविषयी आहे. त्यात लिंगभाव समावेशन निधीची तरतूद सुचविली असून कस्तुरबा विद्यालये बारावीपर्यंत वाढवावीत असे म्हटले आहे. सायकली देणे आणि मुलामुलींचे सायकलगट व चालणाऱ्यांचे गट तयार करणे हे उपाय कमी अंतरासाठीही मुलींच्या सहभागास उपयुक्त ठरतात, कारण त्यांमुळे सुरक्षितता आणि पालकांना निर्धास्तपणा लाभतो, हे धोरण स्पष्टपणे मान्य करते. अंतर हा मुलीचा विशेष प्रश्न आहे, याची इतकी नेमकी कबुली पूर्वीच्या आयोगांमध्ये आढळत नाही.

सातवे प्रकरण सुरू होते आणि सूर पालटतो. २०१६-१७ च्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक आणि १४.८ टक्के उच्च प्राथमिक शाळांत ३० पेक्षा कमी विद्यार्थी आहेत. अशा शाळा आर्थिकदृष्ट्या परवडत नाहीत आणि शैक्षणिकदृष्ट्या निकृष्ट ठरतात, म्हणून शाळासंकुले व एकत्रीकरण यांचा विचार व्हावा, असे हे प्रकरण सांगते. येथे पुन्हा ‘विद्यार्थी’ आहे, मुलगी नाही. कोठारी अहवालात समतेचे प्रकरण आणि नियोजनाचे प्रकरण यांत जी फट होती, ती पन्नास वर्षांहून अधिक काळानंतर लगतच्या दोन प्रकरणांत जशीच्या तशी आढळावी, हा योगायोग नाही. एक प्रकरण लिहिणाऱ्याने दुसरे वाचलेले नाही, असेही नाही. अंतराचा विचार ‘वंचित गटांसाठी विशेष उपाय’ या सदरात टाकला की शाळा कोठे ठेवावी या मुख्य हिशेबातून तो आपोआप वगळला जातो.

महाराष्ट्रात २००० नंतरच्या दशकात वस्तीशाळा निघाल्या, त्या याच अंतराला दिलेले उत्तर होत्या. वस्ती लहान, म्हणून पट लहान, हे अशा शाळांचे स्वरूपच होते. २०१७ च्या अखेरीस कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा, आणि पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ विकसित करण्याचे धोरण आले तेव्हा, हा लहान पट दोष म्हणून मोजला गेला. समूह शाळांसाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवण्यात आली. अधिक मुले, अधिक शिक्षक, ग्रंथालय, खेळाचे मैदान यांचे शैक्षणिक लाभ नाकारता येत नाहीत. पाच मुलांच्या एकशिक्षकी शाळेचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. पण वाहनाची हमी हा या संपूर्ण रचनेचा पाया आहे आणि वाहन बंद पडले तर काय होते, हे २०२१-२२ मध्ये माध्यमिक शाळेच्या मुलींनी पाहिलेले आहे.

फरक एवढाच की, आजवर हा प्रश्न मुलीच्या आठवी-नववीत उभा राहत होता. वाडीतील शाळा समूह शाळेत विलीन झाली की तो तिच्या पहिलीतच उभा राहील, आणि एक किलोमीटर हा जो एकमेव निकष आतापर्यंत मुलीच्या बाजूने होता, तोच प्रथम शिथिल होईल.